सोशल सिक्युरिटी पुण्यापर्यंत येते, मेडिकेअर का येत नाही?

१९६५ साली अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी तीन महिन्यांच्या आत दोन कायद्यांवर सह्या केल्या. ३० जुलैला मिसूरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावी, माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या ग्रंथालयात, मेडिकेअरच्या कायद्यावर. म्हणजे पासष्टीच्या पुढच्या माणसांना सरकारी आरोग्य विमा. पहिलं कार्ड ट्रुमन यांनाच मिळालं. दुसरी सही ३ ऑक्टोबरला, न्यूयॉर्कच्या बंदरात, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी. या कायद्याने देशानुसार ठरलेले जुने कोटे रद्द झाले आणि आशियातल्या डॉक्टर-इंजिनिअरांना अमेरिकेचं दार उघडलं. पुण्या-मुंबईतून, नागपूर-सांगलीतून जी पिढी न्यू जर्सी, शिकागो आणि कॅलिफोर्नियात गेली ती या दुसऱ्या कायद्याच्या जोरावर.

ती पिढी आता पहिल्या कायद्याच्या वयात आली आहे. त्यातल्या काहींना उरलेली वर्षं पुण्यात काढायची आहेत, निदान हिवाळे तरी. मग चौकशी सुरू होते. सोशल सिक्युरिटी, म्हणजे अमेरिकेची सरकारी पेन्शन, मिळेल का? अमेरिकी नागरिकाला भारतात राहूनही मिळते. मग मेडिकेअर? ती मात्र चालत नाही. आयुष्यभर दोन्हींसाठी एकाच पगारपत्रकातून पैसे कापले गेले, तरी एक येते आणि दुसरी येत नाही. असं का, हे बदलायचे प्रयत्न कुठे अडले आणि बदल होईपर्यंत माणसाने काय करावं, ते एकेक करून पाहू. अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्यांपुरतंच बोलतो आहे. ग्रीन कार्डवाल्यांसाठी परदेशात लांब मुक्काम करण्याचे नियम वेगळे आहेत आणि त्यात कार्डच जाण्याचा धोका असतो.

आधी मेडिकेअरचे भाग समजून घेऊ, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. पार्ट ए म्हणजे रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च. नोकरीच्या काळात पगाराच्या १.४५ टक्के तुमच्याकडून आणि तितकेच मालकाकडून कापले जातात, त्यातून हा भाग चालतो. तुमची किंवा जोडीदाराची अशी साधारण दहा वर्षं भरली असतील, त्यांच्या भाषेत चाळीस क्रेडिट्स, तर पार्ट एला हप्ता नाही. पार्ट बी म्हणजे डॉक्टरांची फी, तपासण्या, बाह्यरुग्ण विभाग. याला दरमहा हप्ता आहे. २०२६ साली तो २०२.९० डॉलर आहे आणि उत्पन्न जास्त असेल तर आणखी वाढतो. पार्ट डी म्हणजे औषधं. ती २००६ पासून आली. पार्ट सी, ज्याला मेडिकेअर ॲडव्हान्टेज म्हणतात, ती खासगी विमा कंपनीमार्फत घ्यायची मेडिकेअर. आणि मेडिगॅप ही मूळ मेडिकेअर, म्हणजे थेट सरकारकडून मिळणारे ए आणि बी, जे भरत नाही ते भरण्यासाठी वरून घ्यायची खासगी पॉलिसी.

यातला पार्ट बी लक्षात ठेवा. बऱ्याच जणांचा समज असतो की मेडिकेअरसाठी आपण आयुष्यभर पैसे साठवले. ते पार्ट एच्या बाबतीत थोडंफार खरं आहे. पार्ट बीच्या खर्चातला साधारण चौथा हिस्साच सगळ्यांच्या हप्त्यांतून येतो. बाकीचे पैसे सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून, म्हणजे आज कर भरणाऱ्यांच्या खिशातून जातात. “आमचे पैसे आम्हाला परत द्या” हा युक्तिवाद त्यामुळे अर्धाच टिकतो. पार्ट एचे पैसेही कुणाच्या नावाच्या खात्यात पडलेले नाहीत. आजच्या कामकऱ्यांचे पैसे आजच्या म्हाताऱ्यांच्या बिलांवर खर्च होतात. तो निधीही आटतो आहे. २०२५ च्या विश्वस्तांच्या अहवालानुसार २०३३ मध्ये त्याची गंगाजळी संपेल आणि मग येणाऱ्या करातून पूर्ण बिलं भागणार नाहीत.

सीमेवर थांबणारा कायदा

अमेरिकेबाहेर दिलेल्या सेवेचे पैसे मेडिकेअर देणार नाही, असं मूळ कायद्यातच लिहिलेलं आहे. एखाद्या अधिकाऱ्याच्या मर्जीने ते बदलत नाही. संसदेला कायदा बदलावा लागतो. या संदर्भात अमेरिका म्हणजे पन्नास राज्यं, राजधानी वॉशिंग्टन आणि पोर्तो रिको, ग्वाम, व्हर्जिन आयलंड्स, अमेरिकन सामोआ, नॉर्दर्न मारियाना ही बेटं. ग्वाममध्ये मेडिकेअर चालते, पण तिथून विमानाने काही तासांवर असलेल्या मनिलात चालत नाही.

अपवाद आहेत, पण वाचले की हसू येतं. तुम्ही अमेरिकेत असताना अचानक आजारी पडलात आणि परदेशी रुग्णालय अमेरिकी रुग्णालयापेक्षा जवळ असेल, तर चालतं. तुमचं घरच सीमेला इतकं लागून असेल की पलीकडचं रुग्णालय जवळ पडतं, तर तातडी नसतानाही चालतं. अलास्का आणि दुसरं एखादं राज्य यांच्यामध्ये कॅनडातून सरळ रस्त्याने, उगाच रेंगाळत न बसता जात असाल आणि वाटेत तातडीची वेळ आली, तरीही चालतं. जहाजावर असाल तर अमेरिकी बंदरापासून सहा तासांच्या आत. पुणेकराला यातला एकही अपवाद लागू होण्याची शक्यता नाही.

हा नियम किती काटेकोर आहे हे सरकारच्याच नियमपुस्तिकेतल्या एका उदाहरणावरून कळतं. रुग्ण अमेरिकेत आहे, स्कॅन अमेरिकेत झाला आहे, पण तो स्कॅन वाचून निदान करणारा रेडिऑलॉजिस्ट भारतात बसला आहे. तर त्या निदानाचे पैसे मेडिकेअर देणार नाही. म्हणजे रुग्णाने सीमा ओलांडायची गरजच नाही, काम सीमेबाहेर झालं एवढं पुरे.

सोशल सिक्युरिटीचं असं का नाही? कारण ती रोख रक्कम आहे. दरमहा ठरलेला आकडा, माणूस जिवंत आहे एवढी खात्री झाली की पाठवायचा. त्या पैशांत तुम्ही डेक्कनला जेवलात की डेन्व्हरला, सरकारला घेणं-देणं नाही. मेडिकेअर महिन्याचे पैसे भरलेल्या खानावळीसारखी आहे. गावाला गेलात तर तिथल्या हॉटेलचं बिल खानावळवाल्या काकू देत नाहीत, कारण त्यांनी तुम्हाला पैसे द्यायचं कबूलच केलेलं नसतं, जेवण द्यायचं कबूल केलेलं असतं, तेही त्यांच्या स्वयंपाकघरातून.

मेडिकेअरचं हे स्वयंपाकघर सरकारने फार मेहनतीने बांधलं आहे. कुठलं रुग्णालय चालेल, त्याची तपासणी कोण करणार, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला किती द्यायचे, या सगळ्याचे नियम आहेत. १९८३ पासून रुग्णालयांना आजाराच्या गटानुसार ठरलेली रक्कम मिळते. बिल कितीही फुगवलं तरी सहसा तेवढीच. खोटं बिल पाठवलं तर खटला भरता येतो, दंड लावता येतो, कागद मागवता येतात. आणि तरीही, हे सगळं असूनही, २०२४ च्या आर्थिक वर्षात मूळ मेडिकेअरमधून नियमाबाहेर दिल्या गेलेल्या पैशांचा सरकारी अंदाज ३१ अब्ज डॉलरच्या वर होता. ती सगळी लबाडी नव्हे; बराचसा भाग अपुऱ्या कागदपत्रांचा असतो. पण घरातल्या बिलांवरच एवढी गळती असताना पुण्यातल्या नर्सिंग होमचं बिल खरं की खोटं हे बाल्टिमोरमधल्या मुख्यालयात बसून कोण ठरवणार? माझ्या मते या विषयाची गाठ इथे आहे. तिथल्या चर्चेत लोक हक्कावर आणि न्यायावर बोलतात, पण अडतं ते बिल तपासण्यापाशी.

पण काहींना मिळतेच की

“परदेशात सरकारी विमा देता येत नाही” हे म्हणणं मात्र खरं नाही. अमेरिका काही निवृत्तांना तो देतेच. वीस वर्षं सैन्यात काढून निवृत्त झालेल्या आणि मेडिकेअरच्या वयात आलेल्या माणसाला ट्रायकेअर फॉर लाइफ ही योजना मिळते आणि ती परदेशातही चालते. देशात आधी मेडिकेअर भरते आणि उरलेलं ट्रायकेअर. परदेशात मेडिकेअर भरत नसल्याने ट्रायकेअरच पहिलं पैसे देणारं ठरतं. गंमत अशी की त्यासाठी पार्ट बीचा हप्ता चालू ठेवावाच लागतो, जरी त्या पार्ट बीचा परदेशात काडीचा उपयोग नसला तरी. अमेरिकी केंद्र सरकारच्या मुलकी नोकरीतून निवृत्त झालेल्यांच्या विमा योजनांमध्येही परदेशात चालणाऱ्या योजना आहेत. लष्करी सेवेमुळे झालेल्या दुखण्यांवर माजी सैनिकांसाठी परदेशी उपचारांची वेगळी व्यवस्था आहे.

लष्कराच्या या अनुभवातूनच विरोधकांना दारूगोळाही मिळाला. फिलिपिन्समध्ये अमेरिकी लष्करातून निवृत्त झालेले बरेच लोक राहतात. तिथे खोट्या आणि फुगवलेल्या बिलांचे मोठे घोटाळे उघडकीला आले, अमेरिकेच्या न्यायालयात खटले चालले. मग संरक्षण खात्याने तिथे मान्यताप्राप्त डॉक्टर-रुग्णालयांची यादी करून त्यांच्याकडेच जायची पद्धत सुरू केली. एकाच घटनेतून दोन्ही बाजूंना हवं ते मिळतं. विरोधक म्हणतात, बघा, पैसे लुटले गेले. समर्थक म्हणतात, बघा, यादी केल्यावर काम करता आलं. मला दुसरी बाजू जास्त पटते, पण ट्रायकेअरचे परदेशातले निवृत्त मूठभर आहेत आणि मेडिकेअरचे लाभार्थी साडेसहा कोटींच्या वर, हे विसरता येत नाही.

युरोपचा मार्ग वेगळा. युरोपीय संघात ज्या देशाकडून तुम्हाला पेन्शन मिळते तो देश तुमच्या आरोग्याचा खर्च उचलतो, तुम्ही संघातल्या दुसऱ्या देशात राहत असलात तरी. त्यासाठी एस-१ नावाचा फॉर्म असतो. स्पेनच्या किनाऱ्यावर राहणारा ब्रिटिश पेन्शनर हा फॉर्म दाखवतो, स्पॅनिश माणसासारखाच तिथल्या सरकारी डॉक्टरकडे जातो आणि पैसे ब्रिटन स्पेनला देतं. ब्रेक्झिटनंतरही ही सोय करारांनी टिकवली गेली. २०१७ साली ब्रिटिश आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांनी संसदेच्या समितीपुढे सांगितलं होतं की युरोपात असे सुमारे १ लाख ९० हजार ब्रिटिश पेन्शनर आहेत, त्यांच्यावर वर्षाला साधारण ५० कोटी पौंड खर्च होतात आणि तेच लोक ब्रिटनमध्ये राहिले असते तर माणशी खर्च जवळपास दुप्पट झाला असता.

इथे बिल तपासायचा प्रश्न जवळजवळ नाहीसा होतो. ब्रिटनला डॉक्टरचं बिल बघावं लागत नाही. स्पेनची सरकारी यंत्रणाच आपल्या लोकांसाठी ते काम करते आणि ब्रिटन त्या यंत्रणेत आपली माणसं बसवतं. भारताशी असं करायचं म्हटलं तर कोणत्या यंत्रणेत बसवणार? आपल्याकडे सगळ्या रहिवाशांना सामावणारी एकच सरकारी विमा व्यवस्था नाही. सत्तरीच्या पुढच्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेली आयुष्मान वय वंदना योजना वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, पण ती ठरावीक रुग्णालयांपुरती आणि भरती होण्यापुरती आहे. ब्रिटननेसुद्धा भारतात राहणाऱ्या आपल्या पेन्शनरांना एस-१ दिलेला नाही. उलट भारतात राहणाऱ्यांची ब्रिटिश सरकारी पेन्शन तर सुरुवातीच्या आकड्यावर गोठते, दरवर्षीची वाढ मिळत नाही.

मेक्सिकोचा हिशेब

अमेरिकेत या मागणीचा जोर मेक्सिकोच्या बाबतीत सर्वात जास्त आहे. चापाला तलावाच्या काठची गावं, सान मिगेल दे अयेंदे, पोर्तो व्हायार्ता इथे अमेरिकी निवृत्तांच्या वसाहतीच आहेत. शिवाय मेक्सिकोतून तरुणपणी अमेरिकेत जाऊन राबलेले आणि म्हातारपणी गावी परतलेले लोक आहेत, ज्यांची गोष्ट आपल्या पुणेकरांच्या गोष्टीशी जास्त जुळते. टेक्सास विद्यापीठात डेव्हिड वॉर्नर यांनी नव्वदच्या दशकापासून या प्रश्नाचा अभ्यास केला. २००९ साली अर्थतज्ज्ञ डीन बेकर आणि ह्ये जिन रो यांनी आणखी धाडसी कल्पना मांडली: मेडिकेअरच्या लाभार्थ्याला दुसऱ्या देशाच्या आरोग्य व्यवस्थेत सहभागी होऊ द्यावं, आणि जे पैसे वाचतील ते सरकार, लाभार्थी आणि तो देश यांच्यात वाटून घ्यावेत.

उपचार स्वस्त आहेत म्हणजे सरकारचे पैसे वाचतील, हे ऐकायला सरळ वाटतं. पण ते तितकं सरळ नाही. समजा (हे आकडे फक्त समजुतीसाठी आहेत) एका म्हाताऱ्या माणसावर मेडिकेअरचे अमेरिकेत वर्षाला १५,००० डॉलर खर्च होतात आणि परदेशात तेच काम ५,००० मध्ये होतं. आज शंभर माणसं आधीच परदेशात राहत आहेत. त्यांच्यावर मेडिकेअरचा खर्च शून्य आहे, कारण ती त्यांना काही देतच नाही. त्यांना विमा दिला की एका फटक्यात वर्षाला पाच लाख डॉलरचा नवा खर्च उभा राहिला. तो भरून काढायचा तर आणखी किमान पन्नास माणसांनी, केवळ हा विमा मिळतो म्हणून, अमेरिका सोडून जायला हवं. तेव्हा प्रत्येकी दहा हजार वाचून हिशेब बरोबरीत येईल. पन्नासापेक्षा कमी गेले तर सरकारचं नुकसान.

आता यात दोन उलटसुलट गोष्टी मिसळा. जे जातील ते बहुधा धडधाकट असतील, ज्यांच्यावर अमेरिकेतही १५,००० खर्च झाले नसते. म्हणजे बचत कमी. पण दुसरीकडे, आधीच परदेशात असलेल्यांचा खर्च खरोखर शून्य नसतो. बायपास करायची वेळ आली, कर्करोग निघाला, की अनेक जण विमानात बसून अमेरिकेत परत येतात आणि मेडिकेअरचं सर्वात महागडं बिल लावतात. तेच ऑपरेशन मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात किंवा पुण्यात झालं असतं तर सरकारचे पैसे वाचले असते. म्हणजे बचत जास्त. यातलं पारडं कुठे झुकतं हे कागदावर ठरत नाही, करूनच पाहावं लागेल. म्हणून बहुतेक अभ्यासकांची सूचना आधी एखाद्या भागात मर्यादित प्रयोग करण्याची असते: ठरावीक रुग्णालयं, ठरावीक दर, ठरावीक वर्षं. मलाही तेच शहाणपणाचं वाटतं, आणि तो प्रयोग मेक्सिकोतच आधी व्हावा. आजवर मात्र मेडिकेअर परदेशात नेणारा कायदा झालेला नाही. निधी आटत असताना अमेरिकी डॉलर परदेशी रुग्णालयांना द्या असं मतदारसंघात जाऊन सांगायला कुणी धजावत नाही, आणि परदेशात राहणारे निवृत्त मतदार पन्नास राज्यांत इतके विखुरलेले असतात की त्यांचा कुणाला धाक नाही.

गुणवत्तेचा आक्षेप मला सर्वात लंगडा वाटतो. रुग्णालयांना आंतरराष्ट्रीय मान्यता देणाऱ्या संस्था आहेत. दिल्लीच्या अपोलोला अमेरिकेतल्या जेसीआयची मान्यता २००५ सालीच मिळाली होती. आणि पुण्यात राहणारा निवृत्त तसाही इथल्याच डॉक्टरकडे जातो, फक्त स्वतःच्या खिशातून पैसे देऊन.

हिंजवडीतून तीन-चार वर्षांसाठी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांची याहून वेगळी तक्रार आहे. त्यांच्या पगारातूनही मेडिकेअरचे १.४५ टक्के आणि सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के कापले जातात आणि दहा वर्षं भरण्याआधी परतले तर सहसा दोन्हींतलं काहीच हाती लागत नाही. अमेरिकेचे तीसएक देशांशी असे करार आहेत की दोन्हीकडची नोकरीची वर्षं पेन्शनसाठी एकत्र मोजली जातात. भारताशी असा करार नाही. झाला तरी त्याने सोशल सिक्युरिटीचा प्रश्न सुटेल. मेडिकेअरसाठी परदेशातली वर्षं मोजली जात नाहीत.

मग परत येणाऱ्याने काय करावं?

सर्वात जास्त घोळ होतो तो पार्ट बीच्या हप्त्यावरून. पुण्यात राहायचं, मेडिकेअर वापरायची नाही, तर वर्षाला २,४३५ डॉलर कशाला भरायचे? न भरावेत तर दंड आहे. पासष्टीच्या आसपासची सात महिन्यांची मुदत चुकवलीत तर पुढे घेताना, न घेतलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे दहा टक्के जास्त हप्ता पडतो, आणि तो पार्ट बी असेपर्यंत, म्हणजे बहुतेकांना आयुष्यभर. नोकरी चालू असेल आणि मालकाच्या गट विम्यात असाल तर सूट आहे, नोकरी संपल्यावर आठ महिने मिळतात. भारतात स्वतः विकत घेतलेली पॉलिसी मात्र या सवलतीत धरली जात नाही.

हा दंड आकडा मांडून पाहिला की वाटतो तितका भयंकर नाही. पाच वर्षं पार्ट बी घेतला नाही तर आजच्या दराने सुमारे १२,१७४ डॉलर वाचले. परत आल्यावर दंड पन्नास टक्के, म्हणजे महिन्याला साधारण १०१ डॉलर. वाचलेले पैसे या दंडात संपायला १२० महिने लागतात. दहा वर्षं घेतला नाही तर? बचत दुप्पट, दंड दुप्पट, आणि बरोबरीला पुन्हा तेच १२० महिने. म्हणजे किती वर्षं बाहेर राहिलात याने फारसा फरक पडत नाही. परतल्यावर दहा वर्षांहून जास्त जगलात तर न भरणं महाग पडलं, कमी जगलात तर स्वस्त. हप्ता दरसाल वाढतो आणि दंड त्या वेळच्या हप्त्यावर लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात ही मुदत दहा वर्षांपेक्षा काहीशी कमी होते. सत्तरीत परत जायचा विचार असेल तर भरत राहिलेलं बरं. पंचाऐंशीच्या आधी जाणारच नाही असं ठरलं असेल तर पैसे बाजूला टाकलेले बरे. पण ठरवतो आपण, आणि नातवंडं झाली की बेत बदलतात.

खरा धोका दंडापेक्षा मधल्या रिकाम्या काळाचा आहे. पार्ट बी नसताना परतलात तर सर्वसाधारण नोंदणी फक्त १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात होते, आणि विमा नोंदणीच्या पुढच्या महिन्यापासून लागू होतो. एप्रिलमध्ये पुण्यात काही गंभीर निघालं आणि तडक अमेरिकेला गेलात, तर जानेवारीपर्यंत डॉक्टरांची बिलं तुमची. पार्ट ए मात्र मोफत असेल तर पासष्टीला घेऊन टाकावा. त्याला हप्ता नाही आणि तो परदेशात राहून जात नाही. औषधांच्या पार्ट डीला परदेशात राहण्याचा दंड लागत नाही, कारण अमेरिकेत राहत नसलेल्याला ती योजना घेताच येत नाही. परतल्यावर दोन महिने मिळतात, ते चुकवू नयेत.

सहा महिने इथे, सहा महिने तिथे करणाऱ्यांचं गणित वेगळं. मेडिकेअर ॲडव्हान्टेजमध्ये असाल तर आपल्या सेवाक्षेत्राबाहेर साधारण सलग सहा महिन्यांहून जास्त राहिल्यास योजनेतून नाव कमी होऊ शकतं. मूळ मेडिकेअर आणि वर मेडिगॅप घेणं अशा माणसाला सोयीचं. मेडिगॅपच्या सी, डी, एफ, जी, एम आणि एन या प्रकारांत परदेशातल्या तातडीच्या उपचारांची सोय असते (सी आणि एफ नव्याने पात्र होणाऱ्यांना आता मिळत नाहीत). प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांत तातडीची वेळ आली, तर २५० डॉलर तुम्ही भरायचे आणि पुढचे ८० टक्के पॉलिसी देते; आयुष्यभराची मर्यादा ५०,००० डॉलर. दिवाळीला आलेल्या माणसाचे साठ दिवस सहसा संक्रांतीआधीच संपतात. तिळगुळ खाताना छातीत दुखलं तर खर्च आपला.

म्हणून इथल्या विम्याला पर्याय नाही. भारतातल्या अनेक कंपन्या ओसीआय कार्डधारकांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना, भारतातल्या उपचारांसाठी पॉलिसी देतात. एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने पासष्टीनंतर नवी पॉलिसी न देण्याची वयाची अट काढून टाकली, आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही शून्य झाला. वयामुळे हप्ता जबर असतो आणि कंपनी नकारही देऊ शकते, हे गृहीत धरा. ही तीन वर्षं पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजली जातात, पुण्यात राहायला आल्या दिवसापासून नाही. मधुमेह, रक्तदाब आधीपासून असेल आणि अडुसष्टीला यायचा बेत असेल, तर चौकशी पासष्टीलाच करायला हवी. अर्जात जुने आजार लपवू नका. पुढे दावा नाकारायला कंपनीला तेवढं कारण पुरतं.

मेडिगॅपबद्दल एक शेवटचं. पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिने कंपनीला तुमची तब्येत न विचारता मेडिगॅप द्यावाच लागतो. न्यूयॉर्क, कनेटिकट अशा काही राज्यांत ही मोकळीक नंतरही असते, बहुतेक ठिकाणी नसते. पार्ट बी घेऊन पुण्यात येऊन बसलात आणि मेडिगॅप घेतला नाही, तर ती मुदत इथेच निघून जाते. पंच्याहत्तरीला परत गेलात तर कंपनी तब्येतीचे प्रश्न विचारून नकार देऊ शकते. पार्ट बीच उशिरा घेतला तर मात्र हे सहा महिनेही तेव्हापासून मोजले जातात. त्यामुळे दंडाचा हिशेब करताना मेडिगॅपही त्याच कागदावर मांडा, आणि न्यू जर्सीतलं घर विकण्याआधी मांडा.